स्थळ, बायोडाटा आणि एक जपानी खेळ

गेल्या भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. चिखली तालुक्यातले तिचे गाव, डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर आत. ओवाळणी झाली, जेवणे झाली, आणि अंगणातल्या बाजेवर जरा पाठ टेकावी म्हणून उशी मागितली, तोच बहीण शेजारी येऊन बसली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "दादा, तू याला एकदा विचार. रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाइलमध्ये कोण्या पोरीशी बोलत असतो. कोण, कुठली, काही सांगत नाही." आणि मग थोडे थांबून, "आपल्यातली नसली तरी चालेल रे. पण घरी तर घेऊन ये म्हणावं."

पाच वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या तोंडून हे वाक्य निघाले नसते. तिचे यजमान तर अजूनही हे ऐकून ताट सरकवतील.

'हा' म्हणजे माझा भाचा. वय तीस पूर्ण. बी.एस्सी. कृषी. घरची सात एकर जमीन, विहिरीला पाणी, चार एकरांत ठिबक, गोठ्यात दोन म्हशी. सोयाबीन, तूर आणि हिवाळ्यात हरभरा. बायोडाटात आम्ही त्याच्या नावापुढे 'निर्व्यसनी' असे लिहितो आणि ते खरेही आहे. पाच वर्षांत सतरा स्थळे पाहून झाली. काही ठिकाणी आम्ही पोहे खाल्ले, काही ठिकाणी पोह्यांपर्यंतही गाडी गेली नाही, फोनवरच विचारणा झाली, "मुलगा काय करतो?" "शेती." "बरं, कळवतो." हे 'कळवतो' म्हणजे काय ते आता आमच्या घरात लहान मुलालाही कळते.

संध्याकाळी गच्चीवर गाठून मी त्याला विचारले. मामा म्हटल्यावर जरा आडपडदा कमी असतो. तो आधी लाजला, मग हसला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक मुलगी होती खरी, पण काढलेली. गुलाबी किमोनो, केसांना मोठी लाल फीत. ती जपानीत काहीतरी बोलत होती आणि खाली इंग्रजी अक्षरे उमटत होती. तिचे बोलणे थांबले आणि तीन उत्तरे पडद्यावर आली. शेजारी एक पट्टी भराभर आखूड होऊ लागली.

"मामा, लवकर सांगा, येळ संपते."

मी खिशातून चष्मा काढला, लावला, पहिले उत्तर वाचले, दुसरे वाचायला घेतले आणि पट्टी संपली. मुलीने मान दुसरीकडे वळवली.

"आता काय झाले?" मी विचारले.

"तुमी काहीच बोलले नाई. मंग थे बी उत्तरच झालं न."

ते वाक्य तेव्हा मी हसण्यावारी नेले. नंतर ते मला सोडीना, म्हणून हा लेख.

आधी खेळाविषयी सांगतो, कारण घरोघरी ज्यांना 'मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसणे' म्हणतात त्यात नेमके काय असते याची आपल्यापैकी फार थोड्यांना कल्पना असते. मलाही नव्हती. या खेळाचे नाव 'साकुरा ताइसेन'. सेगा या कंपनीने तो २७ सप्टेंबर १९९६ रोजी जपानात, आपल्या सॅटर्न नावाच्या यंत्रासाठी आणला. ओजी हिरोई या गृहस्थांची ही कल्पना. चित्रे कोसुके फुजिशिमा यांची, संगीत कोहेई तानाका यांचे. काळ १९२३ चा, म्हणजे जपानच्या तैशो राजवटीतला. पण इतिहासातला नव्हे, कल्पनेतला. या टोकियोत यंत्रे वाफेवर चालतात आणि शहरावर राक्षस चालून येतात. त्यांच्याशी लढणारे पथक आहे तरुण मुलींचे. या मुली दिवसा एका नाट्यगृहात नटी म्हणून काम करतात आणि संकटाची घंटा वाजली की वाफेची चिलखते चढवून लढायला निघतात. त्यांचा नायक म्हणून नौदलाचा एक नवाकोरा अधिकारी येतो. मोठ्या रुबाबात येतो, आणि त्याला काम काय मिळते? नाट्यगृहाच्या दारात उभे राहून तिकिटे फाडायची!

मला हा भाग फार आवडला. आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळी निघाली १९१३ साली. तिथे पुरुष स्त्रिया होत आणि बालगंधर्वांचा शालू पाहून बायका तसाच शालू मागत. त्याच १९१३ साली जपानात ताकाराझुका येथे मुलींची नाटक मंडळी उभी राहिली आणि तिथे मुलीच पुरुषांच्या भूमिका करू लागल्या, आजही करतात. या खेळातले नाट्यगृह त्याच परंपरेचे आहे. पुढे या मुलींना आवाज देणाऱ्या अभिनेत्रींनी खरोखरच्या रंगमंचावर वर्षानुवर्षे त्याचे प्रयोग केले. असो. नाटकाचा विषय निघाला की माझी गाडी रूळ सोडते.

तर खेळात दोन गोष्टी कराव्या लागतात. एक लढाई, ती पटावर, सोंगट्या सरकवाव्या तशी. दुसरी म्हणजे लढाया नसतात तेव्हा या मुलींशी बोलणे. कोणी रागावलेली आहे, कोणी घरच्या आठवणीने बसून आहे, कोणी मुद्दाम टोमणा मारते. तुम्ही काय बोलता, किती लवकर बोलता, की बोलतच नाही, यावर त्या मुलीचा तुमच्यावरचा विश्वास वाढतो किंवा घटतो. आणि ज्या मुलीचा विश्वास वाढला ती लढाईत अधिक जोराने लढते. शेवटी जिच्याशी सूर जुळले तिच्यासह कथा संपते. वेळेत उत्तर दिले नाही तर खेळ थांबत नाही. तुम्ही गप्प बसलात एवढी नोंद होते आणि गोष्ट पुढे सरकते. कधी कधी गप्प बसणेच बरोबर असते. बहुतेक वेळा नसते.

हा पहिला खेळ इंग्रजीत अधिकृतपणे कधीच निघाला नाही. या मालिकेतला पाचवा भाग २०१० मध्ये अमेरिकेत गेला तेव्हा कुठे तिच्यातला एखादा खेळ अधिकृतपणे इंग्रजीत आला. पहिल्या भागाचे इंग्रजी भाषांतर काही हौशी मंडळींनी पदरमोड करून, फुकट, २०१९ च्या अखेरीस पुरे केले. म्हणजे टोकियोत १९९६ साली निघालेली तबकडी तेवीस वर्षांनी इंग्रजी होऊन, आणखी काही वर्षांनी चिखली तालुक्यातल्या एका गच्चीवर पोहोचली. भाच्याचे इंग्रजी या खेळाने सुधारले, हेही कबूल केले पाहिजे. आम्ही शाळेत दहा वर्षे शिकवून जे जमले नाही ते एका जपानी मुलीने केले.

अशा खेळांची जपानात मोठी परंपरा आहे. १९९४ साली कोनामी कंपनीने 'तोकिमेकी मेमोरियल' काढला. त्यात तुम्ही शाळकरी मुलगा असता आणि हाती तीन वर्षे असतात. अभ्यास, खेळ, कला, राहणी यांचे आकडे वाढवत न्यायचे, आणि नशीब थोर असेल तर शेवटच्या दिवशी शाळेतल्या एका झाडाखाली एखादी मुलगी येऊन मन मोकळे करते. शेजारची, लहानपणापासूनची मुलगी मिळवणे सर्वांत अवघड, कारण तिला सगळेच आकडे चांगले लागतात. आणखी एक गंमत अशी की, एखाद्या मुलीशी ओळख करून नंतर तिच्याकडे पाठ फिरवलीत तर तिच्या नावापुढे एक बॉम्ब दिसू लागतो. तो फुटला की तुमची बदनामी सगळ्या मुलींत पसरते. हे मी भाच्याकडून ऐकले तेव्हा मला आमच्या पंचक्रोशीतले एक स्थळ आठवले. साखरपुडा मोडला आणि चार तालुक्यांत त्या मुलाचे नाव इतके झाले की आता त्याचा बाप परभणीकडे स्थळे शोधतो. बॉम्ब आमच्याकडेही फुटतो, पडद्यावर दिसत नाही इतकेच.

आकड्यांचेही तसेच. आमचा बायोडाटा दुसरे काय असतो? उंची, रंग, शिक्षण, बागायत किती, कोरडवाहू किती, बहिणींची लग्ने झाली का, मामेकुळ कोणते. वधू-वर परिचय मेळाव्यात मुले व्यासपीठावर येऊन हेच आकडे ध्वनिक्षेपकावर सांगतात. मी गेल्या दोन वर्षांत असे तीन मेळावे पाहिले. मुलगे रांगेने उभे, शर्टाची घडी मोडू नये म्हणून हात अंगापासून दूर धरलेले. मुली मोजक्या, आणि त्यातल्या अर्ध्या आल्याच नव्हत्या. त्यांचे वडील फोटो घेऊन आले होते. प्रत्येक मुलाने आपली माहिती सांगितली. एकानेही एकाही मुलीला काही विचारले नाही. तशी सोयच नव्हती.

जपानातही लग्ने पूर्वी अशीच जमत. त्याला ते 'मिआई' म्हणतात. फोटो, माहितीचा कागद आणि मध्ये एक मध्यस्थ. आपल्याला अगदी घरच्यासारखे वाटावे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे ठरवून केलेल्या लग्नांना प्रेमविवाहांनी मागे टाकले. मध्यस्थ गेला आणि ज्याचे त्याने बोलून जमवायचे, अशी वेळ आली. ज्यांना बोलता येत होते त्यांचे निभावले. ज्यांना कोणी शिकवलेच नव्हते ते तसेच राहिले. पन्नाशीपर्यंत अजिबात लग्न न झालेले पुरुष तिथे १९९० मध्ये शंभरात पाच-सहा होते. २०२० च्या जनगणनेत ते अठ्ठावीसच्या आसपास गेले. नोकऱ्यांची अनिश्चिती, महागडी घरे, तासन्‌तासांचे काम ही कारणे आहेतच, ती मी नाकारत नाही. पण खोलीत एकटा बसून चित्रातल्या मुलीला काय उत्तर द्यावे याचा विचार करणारा तरुण हा त्या देशात खेळ निघण्याआधीपासून होता. खेळवाल्यांनी त्याला गिऱ्हाईक म्हणून ओळखले, एवढेच. २००९ मध्ये निघालेल्या 'लव्ह प्लस' या खेळाच्या चाहत्यांसाठी तर २०१० च्या उन्हाळ्यात आतामी या समुद्रकाठच्या गावाने खास स्वागताचा कार्यक्रम केला होता. खेळातल्या मुलीसह सहलीला या, असा.

आपण यावर हसतो. आमच्या तालुक्यातल्या चहाच्या टपरीवर मी ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळे हसले. हसणाऱ्यांत पंचवीस ते पस्तीस वयाचे सहा जण होते, त्यातल्या पाचांची लग्ने व्हायची आहेत.

जपानात मुली आहेत. लग्न करायचे की नाही हा तिथे निवडीचा प्रश्न आहे. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात हिशेबच वेगळा आहे. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये ८५५. राज्याचा आकडा त्या वर्षी ८९४ होता, तोही अभिमानाने सांगण्यासारखा नव्हता. २०१५ साली 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' ही योजना देशातल्या ज्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आमचे नाव होते. जिथे सिंदखेड राजाला जिजाऊंचा जन्म झाला, जिथे दर १२ जानेवारीला लाखो लोक माथा टेकायला येतात, तो हा जिल्हा.

आणि एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. आज जे तीस-बत्तीसचे मुलगे बिनलग्नाचे हिंडताहेत ते ८५५ च्या हिशेबातले नाहीतच. ते त्याआधी जन्मले. २०११ साली सहा वर्षांच्या आत असलेली ती मुले आता कुठे मिसरूड फुटून लग्नाच्या वयाकडे निघाली आहेत. म्हणजे आज दिसते ती आघाडीची सर आहे, पाऊस मागून यायचा आहे. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून तरुणांनी जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. आम्हाला बायको मिळवून द्या आणि गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक राबवा, अशी त्यांची मागणी होती. वर्तमानपत्रांनी ती बातमी गमतीच्या चौकटीत छापली. त्या नवरदेवांच्या मागणीचा दुसरा भाग किती जणांनी वाचला, कोण जाणे.

आता 'मुलींच्या अपेक्षा फार वाढल्या' हे पालुपद. ते मी दर लग्नात, दर तेरवीत ऐकतो. शेतकरी नवरा नको, पुण्यात फ्लॅट पाहिजे, सासू-सासरे नको. मी चौतीस वर्षे शाळेत शिकवले आणि मुलींच्या बाजूने एक सांगू इच्छितो. या मुली शेतकऱ्यांच्याच घरच्या आहेत. त्यांनी आईला पहाटे चारला उठून शेणपाणी, स्वयंपाक, मग निंदणीला आणि संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे पाहिले आहे. सोयाबीन निघाल्यावर भाव पडला की घरात कोणावर राग निघतो, हेही पाहिले आहे. सातबाऱ्यावर आईचे नाव नसते हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी शेतकऱ्याला नकार दिला तर तो त्यांनी वीस वर्षे डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला दिलेला नकार आहे. माझी आजी सांगे, पूर्वी घाटावरचा बाप घाटाखाली खारपाणपट्ट्यात मुलगी देताना दोनदा विचार करी; जन्मभर खारे पाणी प्यायला लागेल म्हणून. त्याला कोणी 'अपेक्षा वाढल्या' म्हणत नसे. तो विचार बाप करी तोवर शहाणपण होते, मुलगी करू लागली तशी ती आगाऊ ठरली.

भाच्याच्या खेळात मला जे खटकले ते इथेच. त्या पथकातल्या सगळ्या मुली याच्या बोलण्याची वाट पाहत असतात. प्रत्येकीला खूश करणारे उत्तर कुठेतरी आहेच, आज चुकले तर उद्या पुन्हा पहिल्यापासून खेळून सापडते. "मला तू नकोस, कारण मला वेगळेच काही करायचे आहे," असे म्हणून उठून जाणारी त्यात कोणी नाही. मी त्याला तसे म्हटले. तो म्हणाला, "मामा, तशा सतरा पाहून आलो नं. आता खेळात बी तेच पाहू काय?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तरीही मी बहिणीला सांगितले, खेळू दे. कारण तीस वर्षांच्या त्या मुलाला आम्ही पेरणी शिकवली, फवारणी शिकवली, बँकेत कर्जाचा अर्ज भरायला शिकवला. परक्या मुलीने काही म्हटले तर ते ऐकून घेऊन त्याला नेमके उत्तर द्यायचे असते, हे कोणी शिकवले? आमच्या शाळेत मुलामुलींचे बाक वेगळे होते आणि एकमेकांशी बोलताना दिसले की मीच छडी घेऊन धावत असे. घरी बाप आईशी बोलतो ते 'पाणी दे' आणि 'बैल सोडले का' एवढे. ही समजूत त्याला कुठून तरी यायची होती, ती जपानातून आली. तिकिटे फाडणाऱ्या त्या अधिकाऱ्याला रोज संध्याकाळी सगळ्या खोल्यांवरून फेरी मारताना प्रत्येकीची विचारपूस करावी लागते. आमच्या घरात अशी फेरी कोण मारतो?

आणि आता ते गच्चीवरचे वाक्य.

१९९३ साली ही बहीण दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिली मुलगी, आज ती संभाजीनगरला असते, दोन मुलांची आई आहे. त्या वेळी आमच्या भागात सोनोग्राफीची यंत्रे नवीन आली होती. कोणत्या शहरात, कोणाकडे, ते सांगण्यात आता अर्थ नाही. तशी ठिकाणे बरीच होती. यजमान, त्यांची आई, बहीण आणि मी असे चौघे एस.टी.ने गेलो. मला सोबत घेतले कारण मी शिकलेला, डॉक्टरशी बोलता येईल म्हणून. डॉक्टरने तोंडाने काहीच सांगितले नाही. बर्फी की पेढा, एवढेच विचारावे तसे काहीतरी खुणेने झाले. मला ते समजले, सगळ्यांनाच समजले. बसस्थानकावर परतताना बाकड्यावर बसल्या बसल्या बहीण माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, तू काय म्हणतोस?"

महाराष्ट्रात गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ पासून कायदा होता. मी त्या वर्षी आठवीला नागरिकशास्त्र शिकवत होतो. देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला, पण आम्हाला त्याची वाट पाहण्याची गरज नव्हती. मला सगळे ठाऊक होते. मी समोरच्या फलकावरचे गाड्यांचे वेळापत्रक वाचत बसलो. शेवटी तिची सासू म्हणाली, "त्याला काय इचारतं, मास्तर माणूस हाय थो." आणि आम्ही उठलो. चार दिवसांनी बहीण पुन्हा त्याच गाडीने गेली. त्या वेळी मी गेलो नाही.

१९९५ मध्ये भाचा झाला. गावात पेढे वाटले, मीही वाटले.

तेव्हापासून ते बाकडे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, असे म्हणालो तर खोटे होईल. मी ते छान विसरलो होतो. सतरा स्थळांच्या नकारानंतर, तीस वर्षांनी, हातात मोबाइल धरलेल्या पोराने सहज काहीतरी म्हटले तेव्हा ते पुन्हा दिसले. त्या मुलीचे आज लग्न झाले असते, कोणाच्या तरी घरी ती गेली असती, आणि कोण्या एका बायोडाट्याचा प्रश्न सुटला असता. नाही, तिचा असा हिशेब करणेही चूकच. ती कोणाचा प्रश्न सोडवायला जन्मणार नव्हती. पण आमच्या जिल्ह्यात आता मुली आठवतात त्या याच हिशेबाने, आणि मीही त्याच जिल्ह्यातला.

हे छापायला देण्याआधी बहिणीला वाचून दाखवले. ती बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "लिही. पण त्या पोराला पेपर मीच नेऊन देईन."

गेल्या महिन्यात अठरावे स्थळ पाहिले. घाटाखालचे, नांदुरा तालुक्यातले. मुलगी नर्सिंगचे शिक्षण घेऊन खामगावला एका दवाखान्यात नोकरी करते. आम्ही राजूर घाट उतरून मोताळ्यावरून गेलो. नेहमीप्रमाणे पोहे आले, चहा आला, मुलीच्या काकांनी पाऊसपाण्याचे विचारले. मी मध्येच म्हणालो, "या दोघांना जरा बोलू द्या." काकांना ते आवडले नाही, पण मुलीचे वडील समंजस, म्हणाले, "इथेच बोलू द्या, सगळ्यांसमोर." ठीक आहे, तेवढे तर तेवढे.

मुलगी थेट भाच्याकडे पाहून म्हणाली, "मी नोकरी सोडणार नाही. तुमच्या गावाहून रोज येणे-जाणे होणार नाही, खामगावला खोली करावी लागेल. तुम्ही याल का तिथे राहायला?"

खोलीत शांतता पसरली. माझे मेहुणे घसा खाकरून म्हणाले, "ते काय, पाहू नंतर, लग्न झाल्यावर..." मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. भाचा खाली पाहत होता. मी मनातल्या मनात मोजत होतो, आणि खरे सांगतो, ती आखूड होत जाणारी पट्टी मला दिसत होती.

"रोज नाही जमणार," तो म्हणाला. "सोयाबीन काढणीच्या वेळी तर महिनाभर नाही. म्हशी आहेत, आई एकटी पडते. बाकीच्या दिवसांत येईन." मग जरा थांबून त्यानेच विचारले, "तुम्हाला रात्रपाळी किती असते?"

"आठवड्यातून दोन."

"मग त्या दिवशी जेवण?"

मुलगी पहिल्यांदा हसली. "डबा नेते."

त्यांच्याकडून अजून काही निरोप नाही. 'कळवतो' असेही कोणी म्हणाले नाही, एवढे नवीन. परतताना राजूर घाट चढेपर्यंत मेहुणे रागाने खिडकीबाहेर पाहत होते. पोरगा सासुरवाडीला घरजावई व्हायला निघाला, असे त्यांना वाटत होते. घाटमाथ्यावर गाडी आली तेव्हा भाचा एकदम म्हणाला, "मामा, खामगावात म्हशीच्या दुधाले काय भाव असन?"